खोगीर कोणाच्या मापाचे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘खोगीर’ असे सांगितले, आणि त्यांना थोडे नवल वाटलेले मला दिसले. कामगार चळवळीतला मनुष्य खापरखेड्यात बोलावयास उभा राहिला म्हणजे तो कोळसा, वीज, कंत्राटी पद्धत आणि पगार यांवर बोलणार, अशी सर्वांची अपेक्षा असते. ती रास्तच आहे. परंतु आज मी घोड्याच्या पाठीवर बोलणार आहे, आणि बोलता बोलता आपल्याही पाठीचा विषय निघाला, तर तो माझा नाइलाज समजावा.

ओझे वाहणारा एक असतो, ओझे होऊन बसणारा दुसरा असतो, आणि दोघांच्या मध्ये एक वस्तू असते. बैलाच्या बाबतीत ते जू असते, हमालाच्या बाबतीत चुंबळ असते, घोड्याच्या बाबतीत खोगीर असते. ही मधली वस्तू विकत घेतो तो वर बसणारा, किंवा त्याच्याकडून पैसे घेणारा मालक. ती टोचते मात्र खालच्याला. घेणारा एक आणि सोसणारा दुसरा असला म्हणजे वस्तू निवडताना काय काय चुकते, आणि ते कसे टाळावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मी पशुवैद्य नाही. जे सांगणार आहे ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून, घोडेवाल्यांना विचारून आणि स्वतः घोड्यांच्या पाठींवर हात फिरवून जमविलेले आहे.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. ‘खोगीर’ हा शब्द फारसीतून आलेला. ‘खोय’ म्हणजे घाम, ‘गीर’ म्हणजे धरणारा. खोगीर म्हणजे मुळात घाम टिपणारे वस्त्र. पुढे त्याला गादीचे रूप आले आणि आपल्याकडे ते आसनाचेच नाव झाले. जीन, तंग, रिकीब, लगाम, नमदा हे सर्व शब्दही असेच पश्चिमेकडून घोड्याच्या पाठीवरून आपल्या भाषेत आले. जीन करणारे ते जीनगर. महाराष्ट्रात या कारागिरांची एक जातच झाली, आणि घोडदळे गेल्यावर या कुशल हातांनी धातुकाम, चित्रकाम, पुस्तक-बांधणी असे नाना उद्योग पत्करले.

आपण सर्वजण ‘खोगीरभरती’ हा शब्द रोज वापरतो. सभेला माणसे कमी पडली की खोगीरभरती, समितीत नावे कमी पडली की खोगीरभरती. खोगीराच्या गादीत चिंध्या, गवत, जे हाती लागेल ते कोंबीत, त्यावरून हा शब्द आला. परंतु या थट्टेत एक दुःखाची गोष्ट दडलेली आहे, ती आपल्या ध्यानात येत नाही. वरून खोगीर मखमलीचे दिसे, आत चिंध्यांचे गोळे झालेले असत, आणि त्यांतला एकेक गोळा घोड्याच्या पाठीत रुतत असे. खोगीरभरती काय असते ते घोड्याच्या पाठीला आपल्याआधी कळलेले आहे.

मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत दिलेली आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टी एकट्या स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या, पंचवीस घोड्यांची ती सामाईक सोय होती. हा पंचवीसचा आकडा आपण लक्षात ठेवावा. शेवटी मला तो उपयोगी पडणार आहे.

आता ज्या खोगीराविषयी आज मुख्यतः बोलावयाचे, त्याकडे वळतो. शहरांतील घोडेस्वारीच्या क्लबांत पुढच्या बाजूस शिंगासारखी मूठ, मागे उंच पाळ, दोन्ही अंगांना रुंद चामडी पट्टे आणि मोठाल्या रिकिबी असलेले एक दणकट खोगीर हल्ली दृष्टीस पडते. हे अमेरिकेच्या पश्चिम भागातील खोगीर. सिनेमातून ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळचे ते स्पेनचे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर ते मेक्सिकोत गेले, तेथल्या गुराख्यांनी त्याला आपल्या कामाजोगे केले, आणि त्यांच्यापासून ते उत्तरेकडच्या गुराख्यांनी उचलले. पुढचे शिंग ही शोभा नव्हे. फास टाकून धरलेल्या जनावराचा दोर त्या शिंगाला वेढावयाचा असतो. रुंद बैठक हीसुद्धा चैन नव्हे. दहा-दहा, बारा-बारा तास त्यावर बसून गुरे हाकावयाची असत. म्हणजे हे खोगीर मुळात कामकऱ्याचे हत्यार आहे.

आणि येथे एक मौजेची गोष्ट आहे. तो अमेरिकन गुराखी रोजंदार माणूस होता. घोडे बहुधा कुरणाच्या मालकाचे असत, खोगीर मात्र गुराख्याचे स्वतःचे असे. महिन्याच्या पगाराहूनही अधिक किंमत देऊन तो ते घेई आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे पाठीवर मारून नेई. आपल्याकडील सुताराने करवत न्यावी तसेच हे होते. या लोकांनी १८८३ साली टेक्सासमध्ये संपही केला होता. महिना पन्नास डॉलर वेतन मिळावे ही त्यांची मागणी होती. संप फसला. पण सिनेमातला जो ऐटबाज घोडेस्वार आपण पाहतो तो प्रत्यक्षात पंचवीस-तीस डॉलरांवर राबणारा मजूर होता, हे आपण लक्षात घेतले म्हणजे त्याच्या खोगीराकडेही आपण निराळ्या दृष्टीने पाहू.

आजमितीस आपल्या देशात खोगिरांचे मोठे केंद्र कानपूर आहे. ब्रिटिश अमदानीत तेथे लष्करासाठी खोगिरे करण्याचा सरकारी कारखाना निघाला, त्याभोवती चामड्याचा धंदा वाढला, आणि आज कानपूरची खोगिरे परदेशी जातात. त्यांत ही शिंगाची खोगिरेही असतात. म्हणजे अमेरिकन गुराख्याचे खोगीर आपल्या देशातले कामगार शिवतात. पण कोणत्या घोड्याच्या मापाने? गिऱ्हाईक परदेशचे, तेव्हा घोडाही परदेशचा. तिकडच्या कामाच्या घोड्याची पाठ रुंद आणि मांसल असते. आपला भीमथडी तट्टू ठेंगणा आणि अरुंद. मारवाडी आणि काठेवाडी घोडे उंच असले तरी अंगाने सडपातळ, आणि त्यांच्या खांद्यावरचा उंचवटा पुष्कळदा वर निघालेला. रुंद पाठीसाठी केलेले खोगीर अरुंद पाठीवर ठेवले म्हणजे ते खाली धसते आणि नेमके त्या उंचवट्याच्या हाडावर येऊन बसते. चामडे उत्तम असेल, शिवण उत्तम असेल. माप चुकले की उत्तम चामड्यानेही पाठ सोलली जाते.

म्हणून खोगीर निवडावयाचे ते आतून बाहेर निवडावे. या खोगीराच्या पोटात एक सांगाडा असतो, बहुधा लाकडाचा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन लांब फळ्या, त्यांना पुढे जोडणारी एक कमान आणि मागे जोडणारी पाळ, असा तो सांगाडा. कण्यावरून मोकळी वाट राहावी आणि भार दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरावा, ही त्यातील युक्ती. स्वाराचे वजन या दोन फळ्यांवर समान पसरले तर खोगीर चांगले. ते चार बोटांच्या जागेत एकवटले तर खोगीर वाईट, मग त्याची किंमत काहीही असो. बाकी सर्व तपशील या एका वाक्यात येतो.

आता पाठ. घोड्याला माणसासारखे गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात, आणि पाऊल पुढे पडताना खांद्याच्या फऱ्याचे वरचे टोक मागे सरकते. म्हणून सांगाड्याच्या फळ्या फऱ्याच्या मागे दोन-तीन बोटे अंतर सोडून सुरू झाल्या पाहिजेत. मागची हद्दही तशीच ठरलेली आहे. घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटच्या फासळीच्या मागे कंबर, तिला खालून फासळ्यांचा आधार नाही. भार वाहणारी फळी शेवटच्या फासळीच्या पलीकडे जाता कामा नये. तट्टाची पाठ आखूड असते, म्हणून मोठ्या घोड्याचे लांब खोगीर तट्टावर टाकले की ते एकाच वेळी खांद्यालाही अडते आणि कमरेवरही टेकते.

पाठीचे माप घेण्यास फार मोठी विद्या लागत नाही. वाकवली असता वाकेल आणि वाकवल्यावर तशीच राहील अशी जाड ॲल्युमिनियमची तार घ्यावी. वीज केंद्राच्या गावात तारेला तोटा नाही. घोडा सपाट जागेवर चारी पायांवर सारखा उभा करावा, फऱ्याच्या मागे ती तार पाठीवर आडवी दाबावी, आणि तिचा झालेला आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापून घ्यावा. हा पुठ्ठा घेऊन बाजारात जावे आणि खोगीर उलटे करून त्याच्या कमानीत तो बसवून पाहावा. रुंदी आणि उतार दोन्ही पाहावे. रुंदी जमली पण फळीचा उतार निराळा असला तर फळीची एक कडच टेकते. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना लोक त्याच्या अंगावरचे भोवरे मोजतात, शुभ-अशुभ पाहतात. त्याच वेळी एक हात लांबीची तार खिशात असेल तर घोड्याचे अधिक कल्याण होईल, असे मला वाटते.

खोगीर घरी आणल्यावर, किंवा आणण्यापूर्वीच दुकानदार परवानगी देईल तर, पुढील परीक्षा कराव्यात.

पहिली परीक्षा नमदा न घालता. उघड्या पाठीवर खोगीर किंचित पुढे ठेवून मागे सरकवावे. जेथे ते आपोआप थांबते ती त्याची जागा. आता समोरून पाहावे. अयाळ जेथे संपते तो उंचवटा आणि कमान यांच्या मध्ये दोन ते तीन बोटे पोकळी हवी. वर माणूस बसल्यावरही ती पोकळी राहिली पाहिजे, नुसते रिकामे खोगीर पाहून चालणार नाही. कमानीतून मागे पाहिले तर कण्यावरून शेवटपर्यंत उजेड दिसला पाहिजे.

दुसरी परीक्षा तळहाताची. फळीच्या खाली तळहात सपाट घालून पुढून मागे न्यावा. सर्वत्र सारखा दाब लागला तर ठीक. पुढे दाब, मागे दाब आणि मध्ये हात मोकळा फिरला, तर फळी दोन दगडांवर टेकलेल्या फळकुटासारखी बसली आहे असे समजावे; सगळा भार चार ठिकाणी पडणार. उलट मध्येच टेकली आणि पुढे-मागे खोगीर होडीसारखे डुलले, तर सगळा भार मधोमध पडणार. दोन्ही खोगिरे परत करण्याच्या लायकीची.

तिसरी परीक्षा घामाची, आणि ही सर्वांत खरी. नमदा घालून घोडा अर्धा-पाऊण तास चालवावा आणि मग खोगीर उतरवून पाठ पाहावी. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा उमटला असेल तर समाधान मानावे. ओल्या भागात एखादा कोरडा डाग दिसला तर तेथे हात लावावा. खोगीर तेथे टेकतच नसेल, किंवा इतके जोरात टेकत असेल की त्याखाली घाम सुटणेच बंद झाले. दोहोंपैकी काय ते दाबून पाहिल्यावर घोडा सांगतो. तो पाठ खाली घालतो, कान मागे टाकतो. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ती जुन्या दाबाची खूण आहे. तेथली कातडी एकदा इतकी दुखावली की केसांना रंग देणारी शक्तीच तेथून गेली. घाम टिपणाऱ्या वस्त्रावरून खोगीराला नाव मिळाले, आणि खोगीराची परीक्षाही घामानेच करावयाची, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आता पुष्कळांची समजूत अशी असते की, माप चुकले तरी जाड नमदा घातला म्हणजे भागेल. हे साफ खोटे आहे. खोगीर अरुंद असेल आणि आपण त्याखाली आणखी एक गादी घातली, तर ते अधिकच अरुंद झाले. चावणाऱ्या बुटात आणखी एक मोजा घालण्यातला हा प्रकार. खोगीर फार रुंद असेल तर गादीने थोडे दिवस निभते, पण गादी दबली की पुन्हा हाडावर हाड. एका कंत्राटदाराने आपल्या माणसांना सुरक्षेचे बूट दिले, ते सगळे एकाच मापाचे. ज्यांचे पाय लहान त्यांनी आत चिंध्या कोंबल्या, ज्यांचे मोठे त्यांनी टाचा दुमडल्या. कागदावर सर्वांना बूट मिळाले होते. बुटांतल्या त्या चिंध्यांना मी खोगीरभरतीच म्हणतो. मापाची चूक भरतीने झाकते, पण भरून निघत नाही.

तंगाचेही तसेच. खोगीर घसरते म्हणून तंग आवळावयाचा, ही सर्वत्र दिसणारी चूक. बसणारे खोगीर बेताच्या तंगावर राहते. तंग थोडा थोडा दोन-तीन वेळा ओढावा, आणि शेवटी त्याखाली दोन बोटे जावीत. फार आवळला तर घोड्याचा श्वास कोंडतो. आणि मग तो खोगीर पाहूनच चावावयास धावतो, तेव्हा त्याला आपण खोडकर ठरवितो. तक्रार करणाऱ्याला खोडकर ठरविण्याची रीत आपल्या परिचयाची आहे.

येथवर घोड्याचे झाले. आता स्वाराचे. स्वाराच्या सुखाला मी कमी लेखीत नाही. कष्ट करणाऱ्या माणसाला चांगले आसन हवेच. या खोगीराची बैठक इंचांत मोजतात, पुढच्या उंचवट्यापासून मागच्या पाळीपर्यंत. मध्यम बांध्याच्या माणसास पंधरा ते सोळा इंच बहुधा पुरते. बसल्यावर पुढचा उंचवटा आणि आपले पोट यांत सुमारे चार बोटे अंतर असावे, आणि मागची पाळ ढुंगणाला टेकू देईल पण ढकलणार नाही इतकी जवळ असावी. बैठक लहान पडली तर स्वार पाळीवर चढून बसतो आणि त्याचा सगळा भार घोड्याच्या कमरेवर जातो. फार मोठी झाली तर तो पुढे-मागे घसरत राहतो, आणि प्रत्येक घसरणीचा धक्का खालच्या पाठीला बसतो.

रिकिबीची लांबी अजमावण्याची एक सोपी रीत आहे. बोटांची टोके खोगीराला रिकिबीचा पट्टा जेथे लागतो तेथे ठेवावी आणि रिकीब हाताच्या लांबीने ताणून काखेत येते का पाहावे. मग बसून, रिकिबीत उभे राहून पाहावे. बैठक आणि आपण यांत तळहात उभा मावावा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत यावीत. जुने स्वार म्हणतात त्याप्रमाणे, घोडा अचानक खालून नाहीसा झाला तर मनुष्य जमिनीवर पायांनी उभा राहिला पाहिजे, बसकण मारता कामा नये. रिकीब पायापेक्षा थोडी रुंद असावी आणि पादत्राणाला टाच असावी, म्हणजे पडताना पाऊल अडकत नाही. अडकलेल्या पावलाने माणसे फरफटत गेलेली आहेत.

आपण पाहा, या दोन मापांत विरोध नाही. खालच्याची पाठ दुखत असली की तो पाठ पोकळ करतो, पाऊल आखूड टाकतो, ठेचकाळतो. त्याचे हिसके वरच्याच्या कमरेत पोहोचतात. घोड्याला टोचणाऱ्या खोगीरावर स्वाराला फार वेळ सुख लाभत नाही. फरक इतकाच की वरचा उतरून दुसरे खोगीर मागू शकतो. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी घोड्याची पाठ, मग स्वाराची बैठक, मग किंमत, आणि सर्वांत शेवटी नक्षी.

आता वजनाचा हिशेब. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत भार वाहावा, असा एक सर्वसाधारण दंडक आहे, आणि या भारात खोगीरही धरावयाचे. अमेरिकेतील ओहायो राज्यात २००८ साली आठ घोड्यांवर याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. भार शरीराच्या शेकडा पंचवीस-तीसपर्यंत नेल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि स्नायू दुखावल्याची लक्षणे दिसली. पंधरा-वीसपर्यंत तसा त्रास दिसला नाही. आता आपले गणित करा. तट्टाचे वजन २८० किलो धरले तर पाचवा हिस्सा ५६ किलो. शिंगाचे खोगीर तेरा किलोपासून वीस किलोपर्यंत भरते, चौदा धरू. राहिले ४२ किलो. म्हणजे त्या तट्टावर शाळकरी मुलाने बसावे. पंच्याहत्तर किलोचा गृहस्थ त्यावर बसला तर खोगीराचे माप कितीही अचूक असले तरी ते त्या तट्टाला न्याय देणार नाही. तट्टासाठी हलके खोगीर निवडणे हाही मापाचाच भाग आहे.

कायदा याविषयी मुका नाही. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जखमी किंवा व्रण असलेल्या जनावरास कामास लावणे हा त्यात गुन्हा आहे. त्याखाली १९६५ साली ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा अधिक ओझे घालू नये असे त्यांत आहे. आणि खोगीराविषयी तर एक स्वतंत्र नियमच आहे: खोगीराची कमान आणि खांद्यावरचा उंचवटा यांत पुरेसे अंतर न ठेवता, साज थेट त्या उंचवट्यावर टेकेल अशा रीतीने घोड्यावर खोगीर चढवू नये. जी गोष्ट मी मघाशी दोन-तीन बोटे म्हणून सांगितली, ती देशाच्या नियमांत लिहिलेली आहे.

त्याच नियमांत आणखी असे आहे की, जनावरास दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक राबवू नये. आणि जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये. हे नऊ आणि पाच आकडे वाचताना मी थबकलो. १९४८च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगारासाठी हेच दोन आकडे घातले होते: दिवसाला नऊ तास, आणि विश्रांतीशिवाय सलग पाच. शरीर कोणाचेही असो, त्याच्या थकण्याला सीमा असते, एवढे तरी शासनाने दोन्ही ठिकाणी मान्य केले. दुपारच्या उन्हाचा नियम मात्र घोड्याच्या वाट्याला स्पष्ट अक्षरांत आला. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो हे आपणांस सांगावयास नको. त्याच दिवसांत लग्नसराई असते, आणि नवरदेवाची घोडी भर उन्हात मांडवाच्या दारी उभी असते. तिच्यावर जरीची झूल असते, झुलीखाली खोगीर असते, खोगीराखाली पाठ असते. झूल कोणी उचलून पाहत नाही.

येथे मला एका अन्यायाबद्दल सावध केले पाहिजे. घोडीवाल्याला किंवा थंड हवेच्या ठिकाणच्या घोडेवाल्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. माथेरानचे उदाहरण घ्या. प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे लोक घोड्यावर बसतात. तेथे चारशेहून अधिक परवान्याचे घोडे आहेत आणि त्यांच्यावर तितकी घरे चालतात. एका दिवसात एकाच खोगीरावर मूल बसते, बाई बसते, धिप्पाड गृहस्थ बसतो. रिकिबी दर वेळी बदलावयास वेळ कोठला? पावसाळ्याचे महिने धंदा थंड, घोडा मात्र बाराही महिने खातो. अशा माणसाने मापाचे नवे खोगीर कशातून घ्यावे? घोड्याची पाठ लागली की त्याची मिळकत बुडते, पाठ लागू नये म्हणून खोगीर घ्यावे तर हाती पैसा नाही. त्या घोड्याप्रमाणे त्याच्याही पाठीवर कोणाच्या तरी मापाचे ओझे आहे.

मग करावे काय? मी संघटनेचा माणूस आहे, आणि संघटनेच्या माणसाला उपाय सांगितल्याशिवाय खाली बसता येत नाही. मघाचा पंचवीसचा आकडा आठवा. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद. आज पंचवीस घोडेवाल्यांनी मिळून एक खोगीर-कारागीर का धरू नये? एकट्याला जे परवडत नाही ते पंचवीसांना परवडते. सर्वांच्या घोड्यांच्या पाठींची तारेने मापे घ्यावीत. पंचवीस पाठींची पंचवीस निराळी मापे निघत नाहीत; अरुंद, मध्यम, रुंद असे तीन-चार गट पडतात. त्या गटांच्या मापाचे सांगाडे एकत्र मागवावेत. एक नग मागणाऱ्या घोडेवाल्याला कारखाना आपल्या मापाचे देतो. पंचवीस नग मागणाऱ्यांना तो त्यांच्या मापाचे करून देतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, सर्व खोगिरे उलटी करून तपासावीत, कारण घोड्याची पाठही ऋतूप्रमाणे बदलते. चारा मिळाला की भरते, राबली की उतरते. एखाद्याचा घोडा पाठ लागून उभा राहिला तर तो बरा होईतो मालकाच्या चुलीसाठी सर्वांनी थोडी थोडी वर्गणी काढावी. दुखऱ्या घोड्यावर खोगीर चढविण्याचा मोह दुष्टपणातून क्वचित येतो, पुष्कळदा तो रिकाम्या डब्यातून येतो. डब्याची तजवीज झाली की नियम पाळणे सोपे जाते.

गिऱ्हाईक म्हणून आपलेही एक काम आहे. घोड्यावर बसण्यापूर्वी, किंवा लग्नाची घोडी ठरविताना, झूल उचला. उंचवट्याखाली दोन बोटे घालून पाहा. आपले वजन त्या घोड्याला झेपणारे नसेल तर पायी चाला. त्याचे पैसे मात्र कापू नका. घोडेवाल्याचा घोडा वाचविण्याचा खर्च त्याच्याच खिशातून काढणे हा न्याय नव्हे.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून, ज्या जागी वर्षभर जू बसले त्या जागेवरून घरधनी स्वतःचा हात फिरवितो. मला हा आपल्या सणांतला अतिशय शहाणा विधी वाटतो. त्यात पूजा आहेच, पण तपासणीही आहे. कोठे गाठ आली, कोठे कातडी निबर झाली, हे त्या दिवशी मालकाच्या बोटांना कळते. घोड्याच्या वाट्याला असा दिवस आलेला नाही. आणि खरे सांगावयाचे तर, आपल्यांपैकी पुष्कळांच्याही वाट्याला आलेला नाही.

ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. घोड्याला कळते, पण त्याला सांगता येत नाही. म्हणून माप घेणाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता हात लावून पाहिले पाहिजे. ज्यांना बोलता येते त्यांनी मात्र आपले माप आपणच सांगितले पाहिजे. पंचवीसांनी मिळून सांगितले तर ते अधिक चांगले ऐकू येते.